हार्लेसाहेबांचे चार इंच

माझ्यावर उभं राहिलं की डेन्टन हार्ले यांना बरोबर चार इंच मिळत. स्टुडिओच्या जाहिरातीच्या पत्रकात त्यांची उंची पाच फूट दहा इंच छापलेली होती आणि देवाने त्यांना दिली होती पाच फूट सहा. मधले चार इंच ते मी. एवढा स्वच्छ हिशेब माणसांच्या नशिबी क्वचितच येतो.

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. लांबी वीस इंच, रुंदी बारा, उंची अर्थातच चार. हॉलिवूडच्या स्टुडिओंत आमच्या कुळाला सफरचंदाची पेटी म्हणतात, कारण आमचे पूर्वज साधे फळांचे खोके होते. माझा थोरला भाऊ आठ इंचांचा, म्हणजे पूर्ण सफरचंद. मी अर्धं. माझ्यापेक्षा बारीकही दोघे आहेत, पण ते टेबलाच्या पायाखाली जातात. नायकाच्या पायाखाली जाण्याचा मान माझा.

मला घडवलं ऑगी लिंडक्विस्ट या सुताराने. पाइनच्या फळ्या, कडांना सरस, उचलायला दोन्ही बाजूंना हात जाईल एवढी भोकं. पहिल्याच दिवशी आवाज टिपणारा माणूस त्याच्या खोलीतून ओरडत आला, "ऑगी, साहेबांच्या प्रत्येक प्रेमाच्या वाक्यामागे टक् टक् येतंय! घोड्यावर बसून लग्नाचं विचारतायत का ते?" तेव्हा ऑगीने माझ्या अंगावर जाड लोकरी कापड चिकटवलं. तेव्हापासून माझ्यावर कितीही बूट नाचले तरी मी कधी हूं की चूं केलं नाही.

सेटवर माझं नाव घ्यायचं नाही, असा अलिखित नियम होता. नायक-नायिका जवळ येण्याचा प्रसंग आला की दिग्दर्शक ओरबाखसाहेब घसा खाकरून म्हणत, "ऑगी, जमीन तपासा." लगेच ऑगी मला काखेत मारून येई, हार्लेसाहेबांच्या बुटांपुढे ठेवी आणि तितक्या वेळात साठ माणसांना अचानक छतावरचे दिवे बघावेसे वाटत. साहेब चढत. कॅमेऱ्याच्या चौकटीत कमरेच्या वरचंच दिसे. फक्त थेल्मा प्रुइट ही टिपणं ठेवणारी बाई आपल्या वहीत लिही, "हार्ले, अर्ध्यावर." पुढच्या वेळी नायक मधेच बुटका दिसू नये म्हणून. अकरा वर्षं हे चाललं. या अकरा वर्षांत ऑगी एकदाही हसला नाही. त्याची नोकरी त्यावरच टिकून होती, असं तो कॉफी पिताना सांगे.

मग अडेला क्विन आल्या.

क्विनबाई मुळात त्या चित्रपटाच्या नायिका नव्हत्याच. ठरलेली नायिका आजारी पडली आणि यांना घाईने बोलावलं. सहा वर्षं त्यांनी नायिकेच्या मैत्रिणीचीच कामं केली होती, दार उघडायचं, "अगं, तो आलाय!" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. का? तर उंची पाच फूट नऊ. स्टुडिओचे व्यवस्थापक स्प्रेगसाहेब पहिल्याच सकाळी त्यांना स्पष्ट बोलले.

"आठवडाभर बघतो. शुक्रवारपर्यंत तुम्ही हार्लेंच्या शेजारी बऱ्या दिसलात, तर राहा. नाहीतर पाच फूट दोनची एक मुलगी तयार आहे. तिची मापंसुद्धा घेऊन ठेवलीयत."

"आणि बरी दिसायला मी काय करू?"

"ते तुमचं तुम्ही बघा. गुडघे आहेत ना?"

क्विनबाईंनी बघितलं. सपाट चपला घातल्या आणि लांब गाऊनच्या आत गुडघे दोन इंच वाकवून उभ्या राहू लागल्या. वरून चेहरा कसा, तर बागेत फिरायला आल्यासारखा! मी जमिनीवर असल्यामुळे गाऊनची किनार कशी थरथरते ते मला दिसे. दुपारच्या सुट्टीत त्या माझ्यावरच बसत आणि गुडघे चोळत.

"फार दुखतंय का हो?" ऑगीने एकदा विचारलं.

"नाही रे बाबा. मी मूळची अशीच आहे, घडी घालून ठेवलेली." मग हळूच म्हणाल्या, "ऑगी, परत मैत्रीण व्हायचं नाहीये मला."

शुक्रवार उजाडला. प्रसंग होता भांडणाचा. नायिकेच्या घराचं दार, दारापुढे सपाट जमीन. नायकाने चूक केलेली आणि तो माफी मागायला तयार नाही. स्प्रेगसाहेब खुर्ची टाकून बसलेले. ओरबाखसाहेब म्हणाले, "ऑगी, जमीन तपासा." मी जागेवर गेले, हार्लेसाहेब माझ्यावर चढले, क्विनबाईंनी गुडघे वाकवले. कॅमेरा सुरू झाला.

हार्लेसाहेब त्या दिवशी रंगात होते. "मी माफी मागणार नाही!" ते गरजले. "आज नाही, उद्या नाही, कधीच नाही!" आणि त्या आवेशात त्यांनी एक पाऊल मागे टाकलं.

मागे मी नव्हते.

ते पडले नाहीत. वाक्याच्या मध्यावर नुसते चार इंच खाली गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच साठ माणसं दिव्यांकडे न बघता त्यांच्याकडे बघत राहिली. आता "कट" म्हणायचं काम ओरबाखसाहेबांचं. पण त्यांनी रुमाल तोंडात कोंबला होता आणि खांदे गदगदत होते. कॅमेरा चालूच राहिला.

क्विनबाई थांबल्या असत्या तर गोष्ट तिथेच संपली असती. त्यांनी आधी नायकाचा चेहरा जुन्या जागी शोधला. मग खाली सापडला. मग त्यांनी आठवडाभर वाकवलेले गुडघे सरळ केले, एक सुस्कारा टाकला आणि सरळ माझ्यावर चढल्या. पाच फूट नऊ अधिक चार. सहा फूट एक इंच! कॅमेऱ्यामागच्या माणसाने न सांगता कॅमेरा वर उचलला.

"आता वरून विचारते," त्या म्हणाल्या. "माफी मागणार की नाही?"

संहितेत हे नव्हतं. हार्लेसाहेबांच्या तोंडून खरंखुरं निघालं, "ती जागा माझी आहे."

"नाव लिहिलंय का तुझं?"

"सरक."

"किती?"

"अर्धी."

त्या सरकल्या. साहेब चढले. बारा इंच रुंदीच्या फळीवर दोन मोठी माणसं! हात हवेत गरगरायला लागले.

"पडशील. धर की."

"कुणाला?"

"इथे मी सोडून कोण आहे?"

त्यांनी धरलं. दोघांचे चेहरे वीतभर अंतरावर आले. हार्लेसाहेब अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मागतो." आणि माझी वरची फळी, खोटं कशाला बोलू, आनंदाने नव्हे तर वजनाने, कडाड्कन् फुटली.

"कट!"

कुणी हसलं नाही. सगळे हार्लेसाहेबांकडे बघत होते. ते लालबुंद होऊन आपल्या खोलीत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चित्रीकरणाचा तो तुकडा स्टुडिओतल्याच छोट्या पडद्यावर बघायला सगळे जमले. मलाही ऑगी घेऊन गेला, फळी बदलण्याआधी तडा किती खोल आहे ते तपासत बसला होता. पडदा विझल्यावर स्प्रेगसाहेब उठले.

"हा तुकडा फेकून द्या. सोमवारी दुसरी मुलगी येईल."

"मजेचा आहे हो," ओरबाखसाहेब म्हणाले. "दारापुढे पायरी होती असं दाखवू. सगळं बसतं."

"आणि दुरून घ्यावा लागणारा भाग? पायरी दाखवायची तर दोघं डोक्यापासून पायापर्यंत दिसणार. सपाट जमिनीवर. शेजारी शेजारी. चालेल का हार्लेंना?"

हार्लेसाहेबांच्या करारात त्यांना न आवडलेला कुठलाही तुकडा काढून टाकायचा हक्क होता. क्विनबाई मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसल्या होत्या.

हार्लेसाहेबांनी थेल्माला विचारलं, "किती सेकंद आहे हे?"

"एकेचाळीस."

"आणि आत्ता इथली माणसं किती वेळ हसली?"

थेल्माने वही पाहिली. "छत्तीस. पहिले पाच सेकंद तुम्ही त्या... म्हणजे, पेटीवर होतात."

मग साहेब माझ्या मालकाकडे वळले. "ऑगी, तू हसलास?"

ऑगीने टोपी काढली. "हसलो, साहेब. आवरलंच नाही."

"अकरा वर्षांत मी तुला कधी हसवू शकलो नाही."

"तुम्ही बरेच प्रयत्न केलेत, साहेब."

मी हार्लेसाहेबांना खालून फार जवळून ओळखते. दिखाऊ माणूस, टाचेत कागद घालणारा. पण हसू कुठे पिकतं ते त्यांना कळत होतं. ते म्हणाले, "राहू दे हा तुकडा. आणि स्प्रेग, तुमची ती पाच फूट दोनची पोरगी या पेटीवर चढली तरी माझ्या बरोबरीलाच येईल. तिने वरून काय विचारायचं मला? क्विनबाईच पाहिजेत."

सोमवारी ऑगीने दारापुढे पायरी ठोकली. दुरून घ्यायचा भाग लागला तेव्हा ओरबाखसाहेबांच्या तोंडून सवयीने गेलं, "ऑगी, जमीन तपासा."

"जमीन आहे तिथेच आहे," हार्लेसाहेब म्हणाले आणि क्विनबाईंच्या शेजारी सपाट उभे राहिले, पाच फूट सहा. क्विनबाईंनी सवयीने गुडघे वाकवले. "सरळ उभ्या राहा हो," ते पुटपुटले, "मी एकट्यानेच का खरं दिसावं?"

मित्रांनो, तो चित्रपट गाजला. गावोगावच्या चित्रपटगृहांत लोक त्या पायरीपाशी पोट धरून हसले आणि क्विनबाईंनी त्यानंतर कुणाच्या मैत्रिणीचं काम केलं नाही. त्या काळी पडद्यावर नावं मोजकीच येत. ऑगीचं आलं नाही, थेल्माचं आलं नाही, माझं येण्याचा प्रश्नच नव्हता. तरी मला कमीपणा वाटला नाही. पडद्यावर जे दिसत होतं, त्याच्या खाली मी होते, हे मला ठाऊक होतं.

आता मी गोदामात आहे. रंगारी माझ्यावर डबे ठेवतात, लोकरी कापड उंदरांनी अर्धं नेलं. माझी एकच विनंती आहे. जुनी पेटी दिसली तर सरपणात टाकू नका. फळी बदलता येते, माझी बदललीच होती. आणि कुणी उंच दिसलं की त्याच्या पायांकडेही एकदा प्रेमाने बघत जा.

बाकी हिशेब तेवढा मांडून ठेवते. मी एक फळी दिली. ऑगीने अकरा वर्षं दाबून ठेवलेलं हसू दिलं. हार्लेसाहेबांनी पत्रकातले चार इंच दिले आणि परत मागितले नाहीत. अडेला क्विन यांच्या नावावर मात्र काही मांडू नका. त्या सहा वर्षं आधीच देऊन बसल्या होत्या.