सुटली

प्रश्नबाईने कार्यालयाचं कुलूप काढलं न काढलं तोच फोन वाजला. पलीकडून एक बाई दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, आमची शिवणवाली सुटली हो!" मग भांडं पडल्यासारखा आवाज झाला आणि फोन बंद. तिने पुन्हा लावून पाहिला. लागेना.

आता "सुटली" या शब्दाला काय म्हणावं! बाई बाळंत झाली की सुटली. फार सोसून मेली की सुटली. आणि जाच होता तिथून पळाली, तरी सुटलीच. आपल्या भाषेने काटकसर करायला नेमका हाच शब्द निवडावा, याचा प्रश्नबाईला त्या क्षणी मनस्वी संताप आला.

प्रश्नबाई हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांच्या तब्येतीवर ती संशोधन करायची. त्यासाठी वस्तीत घरोघर हिंडून पाय सुजतात का, जेवण पोटभर मिळतं का, बाळ अंगावर नीट पितं का, असे इतके प्रश्न विचारायची की बायकांनी तिला हे नाव देऊन टाकलं. तिलाही ते आवडायचं. चिडायची ती फक्त एका उत्तरावर. कुणी "माहीत नाही" म्हणालं की तिचं डोकं फिरायचं. "माहीत नाही कसं? तुमचंच पोट, तुमचंच पोर!"

शिवणवालीचे दिवस भरत आले होते. कपडे शिवायची म्हणून ती शिवणवाली. गेल्या भेटीत तिचा रक्तदाब वाढला होता आणि चेहरा सुजला होता. प्रश्नबाईने सासूला समोर बसवून बजावलं होतं, "मावशी, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तडक इस्पितळ गाठायचं. मुलगा घरी यायची वाट बघायची नाही." सासूने मान हलवली होती. पण त्या घरात सासूची मान कुठल्याही बाजूला हलली तरी शेवटी व्हायचं ते तिच्या मुलाच्या, म्हणजे शिवणवालीच्या नवऱ्याच्या, मनासारखंच. त्याचा हातही चटकन उठायचा, हे शिवणवालीच्या दंडावर दिसत होतं. शंभर प्रश्नांत त्याविषयी मात्र एकही नव्हता.

आणि त्यानंतर प्रश्नबाई परिषदेला गेली. तिच्या जागी जायची ती मदतनीस तापाने पडली. त्या घरी कुणीच फिरकलं नाही.

"सुटली म्हणजे काय समजू मी?" आकडेवाल्याने विचारलं. शेजारच्या टेबलावर बसून सगळ्या उत्तरांचे तक्ते करणं हे त्याचं काम. "माझ्याकडे तीन रकाने आहेत. प्रसूती, मृत्यू, आणि यादीतून निघून गेली तर गळती. एकात टाका आणि मला मोकळं करा."

"मोकळं करा म्हणू नका हो," प्रश्नबाई म्हणाली. "तो शब्दही तसलाच आहे."

तिने पिशवी उचलली आणि निघाली. वाटेत तिला शिवणवालीचं एक बोलणं आठवलं. मशीनवरून मान वर न करता तिने विचारलं होतं, "ताई, तुमच्या यादीतली एखादी बाई निघून गेली, तर तुम्ही शोधायला जाता का हो?" प्रश्नबाईने अभिमानाने सांगितलं होतं, "आम्ही कुणालाच सोडत नाही." त्यावर शिवणवाली नुसतीच "हं" म्हणाली. तेव्हा त्या "हं"कडे लक्ष गेलं नव्हतं. आता ते पायात खड्यासारखं टोचत होतं.

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाला होता.

"शिवणवालीचं काही कळलं का?"

"सुटली म्हणतात," तो इस्त्री न थांबवता म्हणाला. "पांढरी गाडी आली होती. बरंच झालं म्हणायचं. किती सोसावं माणसाने?"

पांढरी गाडी रुग्णवाहिकेची असते, भाड्याची असते आणि शेवटचीही असते. पुढे विचारायला प्रश्नबाईची जीभ रेटेना. आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारून भंडावणारी बाई, आणि आज एक साधा प्रश्न विचारता येईना! ती तशीच पुढे गेली.

सासू उंबऱ्यात बसली होती. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. मागे शिलाई मशीनवर चादर टाकलेली.

"मावशी, काय झालं?"

"काय व्हायचं राहिलंय? गेली मेली!" सासूने कपाळावर हात मारला. "तीही गेली आणि तो इवलासा जीवही गेला तिच्याबरोबर. तोंडसुद्धा धड पाहिलं नाही हो मी!"

प्रश्नबाई मटकन खालीच बसली. आपण परिषदेत माता आणि बाळं कशी वाचवावीत यावर टाळ्या घेत होतो, हे आठवून तिला स्वतःची शिसारी आली. रडू येत होतं, पण आपण इथे कोण लागतो म्हणून रडायचं, हेही तिला समजेना.

तेवढ्यात आतून शिवणवालीची थोरली जाऊ पाण्याचा पेला घेऊन आली. आवाज ऐकताच प्रश्नबाईने ओळखलं, सकाळचा फोन हिचाच. "ताईंना घेरी आलीय, मोरीत तोंड धुवायला नेते," असं म्हणून जावेने तिला दंडाला धरून आत नेलं आणि नळ मोठा सोडला.

"अहो, रडता काय? सुटली म्हणून सांगितलं ना तुम्हाला!"

"कशातून?"

"दोन्हीतून!" जाऊ हसली आणि लगेच तोंडावर पदर धरला. "तुम्ही सांगितलं तस्संच झालं. डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी. सासूबाईंनी मुलाची वाट नाही पाहिली, स्वतः नेलं इस्पितळात. पोरगी झाली. हातीपायी सुखरूप सुटली बाई. पण काल घरी सोडणार, तर ही पोरीला घेऊन परस्पर गाडीत बसली आणि मैत्रिणीकडे गेली. दुसऱ्या गावी."

"पण मावशी म्हणाल्या, मेली!"

"त्या भाकरी करपली तरी 'मेली' म्हणतात हो!"

प्रश्नबाईला हसू आलं, मग त्याचा राग आला, आणि मग पुन्हा रडू आलं. एक स्वल्पविराम ऐकू आला नाही म्हणून तिने दोन माणसं मारून टाकली होती.

जावेने तिच्या मुठीत चिठोरा कोंबला. "हा नंबर. दाब तपासायला कुठे जायचं ते तेवढं सांगा तिला. पोरगी अंगावर छान पितेय, कळवलंय तिने. पण पत्ता कुठे लिहू नका. तिचा नवरा सकाळपासून हुडकत फिरतोय."

म्हणजे गळती. आकडेवाल्याचा रकाना मिळाला, पण प्रश्नबाईच्या डोक्यातला गुंता काही सुटेना. तोंड पुसत ती बाहेर आली, तर सासू तिथेच बसलेली. जिच्यामुळे सून वाचली, तिलाच सून सोडून गेली होती. हिची कीव करावी, की मुलाला इतकी वर्षं आवरलं नाही म्हणून हिला चार शब्द सुनवावेत? दोन्ही करावंसं वाटत होतं, आणि दोन्हीही बरोबर वाटत नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक असेल," सासू म्हणाली. "सगळ्यांचं सगळं विचारून ठेवता तुम्ही. कुठे आहे ती?"

प्रश्नबाईने मूठ आवळली. "माहीत नाही."

"माहीत नाही?" सासूने मान वर केली. "आणि मी असं म्हटलं की माझ्यावर डाफरत होतात."

प्रश्नबाई खाली बघत चपला घालू लागली. एका पायाची दुसऱ्या पायात गेली.

"पिते का हो ती?" सासूने एकदम विचारलं. "अंगावर नीट पिते का?"

प्रश्न प्रश्नबाईचाच होता, शब्दही तिचेच. दारोदारी इतक्यांदा विचारलेला, की उत्तर तोंडातून आपोआप निघालं.

"पिते. छान पिते."

मग तिच्या लक्षात आलं आणि ती जागच्या जागी थिजली. सासू तिच्या आवळलेल्या मुठीकडे बघत होती. मग सासूने गुडघ्यावर हात टेकून उठत गल्लीच्या टोकाकडे नजर टाकली.

"निघा आता," ती हळूच म्हणाली. "मुलगा येईल एवढ्यात. त्याला मात्र माहीत नाही असंच सांगा. आणि जरा नीट सांगा, मघासारखं नको."