मुळावरची लेक

माझी तृप्ती जालन्याच्या दवाखान्यात बाळंत झाली. लेक झाली, गोरीगोमटी, डोक्यावर हे एवढं जावळ! अन् तिचा बाप, आमचे जावई रामप्रसाद, कालपासून दवाखान्याच्या पायरीवरच. आत यायला तयार न्हाईत. का, तर टेंभुर्णीच्या गुरुजींनी सांगितलं, लेक मूळ नक्षत्रावर आलीय, शांती होईस्तोवर बापानं तोंड पाहू नये, बापाच्या जिवाला धोका.

माझं डोकंच फिरलं. अजून धड डोळे उघडंना, अन् एवढ्याशा जिवावर बाप मारायचा आळ! तिकडं तृप्ती भिंतीकडं तोंड करून रडून राह्यली. अंगावर पाजायचंबी तिला सुचंना.

तिथल्या प्रियदर्शनी सिस्टरपुढं मी भडाभडा बोलले. ती ख्रिस्ती. लेकीचं दुपटं बदलता बदलता म्हणली, "आजी, आमच्यात तर सगळीच लेकरं पाप घेऊन जन्मतात म्हणतात. आदमचं पाप."

"कोण हा आदम?"

"पहिला माणूस. देवानं नको म्हणलेलं फळ खाल्लं त्यानं."

"घ्या! खाल्लं त्यानं, अन् निस्तरायचं लेकरांनी?"

सिस्टर हसली. "मलाबी कधीकधी तसंच वाटतं. पण आजी, आमच्यात ते सगळ्यांवरच असतं. माझ्यावर, आमच्या फादरवरबी. एकट्या लेकराकडं कुणी बोट दाखवत न्हाई."

हे मात्र मला बराबर पटलं. लेकीला उचललं अन् तरातरा बाहेर गेले. मला बघून जावयानं झटकन पाठ फिरवली.

"जावईबापू, जिवाची एवढी भीती? पोटची लेक हाय तुमच्या!"

"माझ्या जिवाचं न्हाई हो मामी," ते पाठमोरेच बोलले. "मीबी मुळावरचाच. सोयरीक जमवताना आईनं लपवलं. मी रांगत होतो तवा बाप गेला, साप चावून. चावला साप, पण चुलती जन्मभर मलाच म्हणली, बापाला खाल्लंस. घरात लग्नकार्य निघालं की मला मागं बसवायचे. उद्या मी गाडीवरून पडलो, तर हिलाबी तेच ऐकावं लागंल. म्हणून बघत न्हाई."

माझा राग कुठल्या कुठं गेला. ह्या माणसाला मी मनातल्या मनात काय काय बोलले होते!

"अन् शांती केल्यावर तुम्ही काय अमर होणार हाय?" मी म्हणले. "बोलणारे तवाबी बोलतील. तोवर हिनं काय बापाची पाठच बघायची?"

मंग ते म्हणले, "मामी, मला काही झालं, तर हिला एवढं सांगाल? बापानं आपल्या मर्जीनं तुझं तोंड पाह्यलं, तुझा काही गुन्हा न्हाई. मला कुणी तसं सांगितलंच न्हाई हो."

मी नुसती मान हलवली, पण पाठमोऱ्या माणसाला ती कशी दिसणार?

"सांगीन," म्हणले. तवा ते वळले, अन् दोन्ही हात पुढं केले.