दुसऱ्यांच्या नावाने

गेटवरच्या यंत्राने पुन्हा लाल दिवा दाखवला. कावेरीने कार्ड ओढणीला पुसून परत टेकवलं. मागे पहिल्या पाळीची रांग खोळंबली होती.

“ताई, नाय चालायचं ते,” वॉचमन काळू हळूच म्हणाला. “कालच बंद केलंय. तुम्हाला आत सोडायचं नाय असं सांगितलंय.”

“कोणी?”

“उषा मॅडमनी.”

कावेरीच्या मस्तकात तिडीक गेली. उषा मॅडम! पावसाळ्यात खांद्यावर हात ठेवून ‘एवढं उरकून दे गं, दिवाळीनंतर तुला कायम करते’ म्हणणाऱ्या त्याच उषा मॅडम!

राखोलीच्या या कंपनीत औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनतात. लग्न होऊन शहाद्याहून सिल्वासाला आली तेव्हापासून कावेरी इथे टाइम ऑफिसात हजेरी भरायची, तीही ठेकेदाराच्या नावावर. या पावसाळ्यात परदेशी गिऱ्हाइकाने फर्मान काढलं, की संगणकाला हात लावणाऱ्या प्रत्येकाने माहिती-सुरक्षेचा ऑनलाइन कोर्स केलाच पाहिजे. पण साहेब लोकांना वेळ कुठला? हिशेबाचे ललितभाई सगळ्यात आधी आले. “कावेरीबेन, मारुं पण करी नाख ने, माझाही उरकून टाक. पासवर्ड कंप्युटरचाच, सोपा आहे, ललित एक-दोन-तीन.” मग स्टोअरवाले आले, डिस्पॅचवाले आले, शेवटी ऑफिसच्या मॅनेजर उषा मॅडमही आल्या. पासवर्ड कुणाला सांगू नये हे शिकवणारा कोर्स, आणि अख्ख्या ऑफिसाने आपापले पासवर्ड तिच्या टेबलावर आणून टाकले! आता याला काय म्हणायचं? वर सगळे हसले. तीही हसली. खरं तर तिला बरंच वाटलं होतं. ‘कावेरीला विचारा’ असं कुणी म्हटलं की तिची मान जरा ताठ व्हायची.

सुरुवातीला ती नुसती पुढे-पुढे दाबत गेली. मग ऐकता ऐकता गोडी लागली. धोका कुठून येऊ शकतो, आला तर काय काय जाईल, कुठला आधी निस्तरायचा, हे सगळं तिला घरातल्या कामासारखं सरळ वाटलं. नाव आणि एक-दोन-तीन असले पासवर्ड बदला, असं दुसऱ्या धड्यात सांगितलं होतं. तिने सगळ्यांचे बदलले आणि नवे सांगायला गेली, तर ललितभाईंनी हात झटकले. “तारी पासेज राख, तुझ्याकडेच असू दे. मला कुठे लक्षात राहतं?” तेव्हापासून रोज सकाळी सगळ्यांचे संगणक तीच उघडून द्यायची.

“मॅडम, माझंही नाव घाला ना कोर्सला,” तिने एकदा विचारलं होतं.

“ठेक्यावरच्यांना नसतं गं ते. आणि तुझं तर फुकटात शिकून झालंच की!”

काल गिऱ्हाइकाचा तपासनीस आला. सगळ्यांचा कोर्स टाइम ऑफिसच्याच संगणकावर कसा झाला, एवढंच त्याने विचारलं. ललितभाई मुंडी खाली घालून बसले. उषा मॅडम म्हणाल्या, ठेक्यावरची बाई आहे, तिने परस्पर केलं. कावेरी दारातच उभी होती. बोलणी बसतील, फार तर, असं तिला वाटलं होतं.

माणसाला कामावरून काढलं की त्याची सगळी दारं त्याच दिवशी बंद करावीत. परीक्षेत हा प्रश्न होता, आणि प्रत्येकाच्या नावाने तिनेच त्याचं बरोबर उत्तर दिलं होतं.

ती रिक्षासाठी रस्त्यापर्यंत पोचली नाही तोच ललितभाईंचा फोन आला.

“अरे कावेरीबेन, कंप्युटर खुलत नाही! पासवर्ड शुं हतो? मारो, मॅडमचा, बद्धांचा, सगळ्यांचा! माल भरून ट्रक उभा आहे.”

तिने फोन कापला. थोड्याच वेळात उषा मॅडम स्वतः गेटबाहेर आल्या आणि त्यांनी हाक मारून तिला परत गेटपाशी बोलावलं. हातात पाहुण्यांना देतात ते पिवळं कार्ड होतं.

“हे घाल आणि पाच मिनिटं आत ये. तेवढे पासवर्ड टाकून दे. मग तुझं बघू आपण.”

“इतकी वर्षं राबले मी इथं, आणि माझ्या गळ्यात पाहुण्याचं कार्ड घालता? काल माझ्यावर ढकलताना जीभ नाही अडखळली तुमची?”

“हळू बोल. आपण मराठी माणसं, इथे चारचौघांत तमाशा नको.”

“काल नव्हतो का मराठी?”

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मॅडमचा चेहरा लाल झाला. “पासवर्ड सांग, कावेरी.”

“पासवर्ड कुणालाच सांगायचा नसतो, मॅडम. तुमच्या नावाने लिहिलंय मी ते. पूर्ण मार्क पडलेत तुम्हाला. वापीहून तुमचा कंप्युटरवाला बोलवा, तो नवे करून देईल.”

तिने गळ्यातलं आपलं बंद पडलेलं कार्ड काढून काळूच्या टेबलावर ठेवलं. काळूने ते उचललं नाही.

ती रिक्षात बसली. राग, नुसता राग! मॅडमवर, ललितभाईंवर, आणि त्यांच्याबरोबर खुळ्यासारखी हसलेल्या स्वतःवरही. डोकमर्डीतली त्यांची खोली येईपर्यंत तिने कितीदा तरी मनात त्या गेटला लाथ घातली.

खोलीत सुकदेव, तिचा नवरा, रात्रपाळी करून नुकताच आडवा झाला होता. तिला बघून उठून बसला.

“काय झायं वं? इतली लवकर?”

तिने सगळं सांगितलं. त्याने मॅडमना एक सणसणीत शिवी हासडली. तिला तेवढ्यानेही बरं वाटलं. हातचं गेलेलं काम काही परत येणार नव्हतं.

जेवण झाल्यावर तिने मोबाइलवर तसलाच एक फुकटचा कोर्स शोधून काढला. नावाची जागा आली. तिथे तिने सावकाश लिहिलं, कावेरी सुकदेव भामरे. मग पासवर्ड. सुकदेव तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. तिने पटकन पडद्यावर हात धरला.

“मन्हापासून बी?”

“तुन्हापासून बी.”

तो हसला आणि चहा ठेवायला उठला. तिने पहिला धडा लावला. त्यातलं बहुतेक सगळं पाठच होतं, तरी तिने कुठेच पुढे दाबलं नाही.