कासरा धरणारे आप्पा

ओला कासरा दगडी काठावरून सरकताना खरखरीत, दमदार आवाज होतो. चैत्रातल्या सकाळी, ऊन विहिरीच्या निम्म्या भिंतीपर्यंत उतरलेलं असताना, तो आवाज आणि त्याच्यावर तरंगणारे आप्पांचे आकडे एकदमच कानी यायचे. ओंदु, एरडु, मूरु. आप्पा मूळचे उमरग्याकडचे, सीमेलगतच्या गावातले. घरात मराठी बोलत, पण मोजत कानडीत. धाराशिवातल्या आमच्या कॉलनीची पोरं त्या कानडी आकड्यांवर हात मारायला आणि श्वास घ्यायला शिकली.

पोरांचा पोहण्याचा संघ आम्ही पालकांनीच उभा केला होता. मे महिन्यात गावातल्या तलावावर कॉलन्यांच्या शर्यती असतात. पण तो तलाव लांब, म्हणून सराव मागच्या मळ्यातल्या पायऱ्यांच्या विहिरीत. व्यवस्था माझ्याकडे, कारण वही माझ्याकडे. टॉवेल, शिट्टी, मलमपट्टी, कुणाला सर्दी, कुणाला कानाचा त्रास, सगळं त्या वहीत ओळीनं लिहिलेलं असे.

आप्पांच्या घरचं एकही पोर पोहत नव्हतं. तरी पहिल्याच दिवशी ते बैलाचा जुना कासरा खांद्यावर टाकून आले आणि मग रोज येत राहिले. नवशिक्या पोराच्या पाठीला सुका भोपळा बांधायचा, कमरेला कासरा, आणि दुसरं टोक हातात घेऊन काठाकाठानं चालायचं. त्यांच्या सुरकुतलेल्या तळव्यात तो दोर गाईच्या शेपटीसारखा सैल पडलेला असे. पोर पुढं सरकेल तसे आप्पा सरकत. पोर बिचकलं की थांबत. कुठल्याशा सकाळी ते पोराच्या नकळत गाठ सोडून देत आणि रिकामा दोर हातात धरून तसेच, त्याच गंभीर चेहऱ्यानं, चालत राहत. आपण मोकळे पोहलो हे पोराला पलीकडच्या पायरीवर पोचल्यावर कळे. मग विहीर हशानं भरून जाई आणि आप्पा म्हणत, "म्या कुठं काय केलं? मी आपला फिराय आल्तो."

माझी मुक्ता तेवढी दोरावर राहिली होती. तिची गाठ सुटायला चार-सहा दिवस असतील.

त्याच आठवड्यात मी यादी केली. पालकांना उत्साह होता, शिस्त नव्हती. एके दिवशी नऊ जण, दुसऱ्या दिवशी कुणीच नाही. म्हणून 'पालकांचे वार' असा मथळा घातला, प्रत्येक वाराखाली दोन नावं लिहिली आणि कागद पंपाच्या खोलीच्या दारावर चिकटवला. आप्पांचं नाव कुठल्याही वाराखाली नव्हतं. ते रोजच येतात, त्यांना कसला वार द्यायचा, असा माझा सरळ हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले नाहीत. तिसऱ्याही दिवशी नाहीत. बरं नसेल, असं मी म्हटलं आणि पंपाच्या खोलीत ठेवलेला त्यांचा कासरा ज्यांचा वार होता त्या वडिलांच्या हाती दिला. मुक्ता पाण्यात उतरली, अर्ध्यात रडत परतली.

"काका वढतेत गं आई. आप्पा नुसतं धरायचे."

संध्याकाळी तिला घेऊन मी त्यांच्या घरी गेले. ओट्यावर बसून ते चिंचोके काढत होते. मला पाहून त्यांनी पंच्यानं हात पुसले, सुनेला चहा टाकायला सांगितलं.

"आप्पा, येईनासे झालात?"

"यादी लागली न्हवं ताई. नातीकडनं वाचून घेतली. म्हणलं, पुन्यांदा वाच, ऱ्हायलं आसंल कुठं. ती म्हणली, न्हाय आजोबा, पालकांचं हाय ते." ते हसले. "खरंच हाय. मी कुणाचा पालक?"

"अहो, तुम्ही रोजच येता म्हणून लिहिलं नाही."

हे खरं होतं. बोलताना मात्र त्या खरेपणाचीच मला लाज वाटली.

"व्हय की. रोजच्याला कोण लिहितंय," आप्पा म्हणाले. आवाजात काटा नव्हता. मुक्ताच्या हातावर त्यांनी चिंचेचा गोळा ठेवला. "लई जोर लावू न्हाय पोरी. पाणी धरतंय आपल्याला." येतो म्हणाले नाहीत, येणार नाही असंही म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर माफी मागावी लागली असती, आणि मला यादी दुरुस्त करणं त्याहून सोपं वाटलं.

रात्रीच नवा कागद केला. सातही वारांखाली पहिलं नाव आप्पांचं. सकाळी चिकटवायला निघाले तर त्यांची सून दारातच भेटली. "मामंजी पहाटच्या एसटीनं गेले गावाकडं. उन्हाळाभर तिकडंच ऱ्हातो म्हणले." तरीही मी कागद चिकटवला. आता तो कुणी वाचला तरी काय होणार होतं!

शर्यतीत आमची पोरं बरी पोहली. मुक्ता त्यांत नव्हती. ती कट्ट्यावर इतरांचे टॉवेल मांडीवर घेऊन बसली होती आणि ओठांतल्या ओठांत कानडीत मोजत होती. मी तिच्याशेजारी उभी होते, हातात शिट्टी, सगळं वेळेवर आणि नीट. तिनं मला काहीच विचारलं नाही, आणि तेच मला अजून सोसत नाही.

आता वैशाख सरत आलाय. विहिरीकडे मी एकटीच जाते. उपसा वाढला की पाणी रोज वीतभर खाली जातं आणि एकेक हिरवट, बुळबुळीत पायरी उघडी पडते. आपण त्यांवर उभे होतो, भरल्या पाण्यात त्या कधी दिसल्या नव्हत्या. माणसांचंही असंच असावं. काळ त्यांना आपल्यातून हळूहळू उपसून नेतो, आणि मगच कळतं, पाय कशावर टेकले होते.