पाचरीची उजवी बाजू

साडू म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. नातं एवढंसं, पण ते निभवायला मिस्त्रीला जेवढा घाम गाळावा लागायचा, तेवढा जाडजूड दाराला रंधा मारताना कधी लागला नाही. वीस वर्षं दोघे एकमेकांना पाण्यात पाहत होते. मिस्त्री लाकूडकामाच्या कारखान्यात मुख्य मिस्त्री. साडूभाऊ एका मोठ्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. पांढरा शर्ट, खिशात तीन पेन्सिली, आणि तिन्हींना सुईसारखं टोक. चार माणसांत बसले की मिस्त्री म्हणायचा, हे कागदी घोडे नाचवतात, आम्ही बसता येईल अशी खुर्ची करतो. साडूभाऊ म्हणायचे, कागदावर जी उभी राहत नाही ती खुर्ची बसल्यावर मोडते. दोघी बहिणींनी केव्हाच हात टेकले होते.

आणि आता त्याच साडूच्या दारात शिकायला जायची पाळी आली. झालं असं, की कारखान्याच्या मालकीणबाईंकडे बाहेरची कामं यायला लागली, आणि ती सगळी ड्रॉइंगवर. मुख्य मिस्त्रीला ड्रॉइंग वाचता आणि काढता आलंच पाहिजे, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. महिनाअखेरीला परीक्षा. नाही जमलं तर मुख्य मिस्त्रीची जागा पॉलिशवाल्याला. तो कुठलासा कोर्स करून आला होता आणि हल्ली कारणाशिवाय कानावर पेन्सिल लावून फिरायचा. ती पेन्सिल पाहिली की मिस्त्रीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सव्वीस वर्षं जे टेबल त्याचं होतं, त्यावर हा उद्या कोपर टेकून बसणार. छे, कल्पनाच सहन होत नव्हती. शेवटी बायकोने बहिणीला फोन केला आणि मिस्त्रीने मिठाची गुळणी धरली, म्हणजेच होकार दिला.

पहिल्या दिवशी साडूभाऊंनी साबणाची वडी कापून तिची पायरी केली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, काढा. मिस्त्रीने झकास काढली. समोरची बाजू, वरची बाजू, शेजारची बाजू, तिन्ही एकाच चित्रात, वर सावलीसुद्धा दिली. साडूभाऊंनी चित्र असं दोन बोटांत धरलं, जसा काही मेलेला उंदीर. हे चित्र झालं, म्हणाले, ड्रॉइंग नव्हे. समोर बसा, फक्त समोरचं दिसतं तेवढं काढा. मग वरून पाहा, ते वेगळं काढा. मग बाजूने, तेही वेगळं. याला ऑर्थोग्राफिक प्रोजेक्शन म्हणतात. मिस्त्री म्हणाला, एका वडीसाठी तीन चित्रं, वर एवढं लांबलचक नाव, मग ऑफिसात दिवस कसा जातो ते आता कळलं.

पण खरा घोळ पुढे होता. समोरून पाहताना मिस्त्रीला समोरचंच दिसेना. त्याला वडीची पाठही ठाऊक होती, पोटही ठाऊक होतं, आणि जे ठाऊक ते हात काढून मोकळा व्हायचा. लाकडी ठोकळा दिला तर त्याच्या शिरासुद्धा काढल्या. मग जे आत लपलेलं आहे ते तुटक रेघेने दाखवायचं म्हटल्यावर त्याने वाद घातला, की लपलेलं आहे तर लपू दे, चारचौघांत कशाला उघडं पाडता. साडूभाऊ कपाळाला हात लावून बसले. मेहुणी चहा ठेवून जाताना तोंडात पदर कोंबून हसली.

घरी तर तमाशाच. बायको स्वयंपाकघरात आली तर नवरा गुडघ्यांवर, हनुवटी टेबलाच्या कडेला, एक डोळा मिटून साखरेच्या डब्याकडे टक लावून. दुसऱ्या दिवशी पलंगावर उभा राहून खाली स्टुलाकडे पाहत होता. तिने विचारलं, काय दिसतंय? एक चौकोन, तो हरखून म्हणाला, अगं, पाय दिसतच नाहीत! वीस-पंचवीस वर्षांत स्टुलाचे पाय गायब झाल्याचा एवढा आनंद झालेला माणूस तिने पाहिला नव्हता. पण त्या दिवसापासून गाडी रुळावर आली. हात थांबायला शिकला. दिसेल तेवढंच, आणि लपलेलं तुटक रेघेने. साडूभाऊ कौतुक करणाऱ्यांतले नव्हतेच. ते नुसतं हं म्हणायचे, पण हं जरा लांबायला लागला होता.

परीक्षा मालकीणबाईंनी मोठी नामी काढली होती. मिस्त्रीच्या हातात एक लाकडी पाचर दिली. पाठीमागून उभी, पुढे उतरत जाऊन धारेला मिळणारी, आणि वरून एक खाच, मधोमध नाही, डाव्या अंगाला. छापील कागदावर दोन चौकटी शेजारी शेजारी. एकीत समोरून, दुसरीत बाजूने. ड्रॉइंग झालं की ते पलीकडच्या शेडमधल्या कारागिराकडे जाणार. त्याने मूळ पाचर पाहिलेली नाही, मिस्त्रीने त्याच्याशी बोलायचं नाही. त्या कागदावरून तो जी पाचर करील ती या पाचरीशी जुळली पाहिजे, बस्स. मिस्त्रीने श्वास रोखून काढलं. एक रेघ इकडची तिकडे नाही.

तासाभराने पाचर आली. मापं दोऱ्याइतकीही चुकलेली नव्हती. मालकीणबाईंनी दोन्ही पाचरी टेबलावर ठेवल्या, एकीचा उतार फिरवून दुसरीसारखा केला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. एकीची खाच डावीकडे, दुसरीची उजवीकडे. फिरवा, उलटवा, काही करा. डाव्या-उजव्या चपलेसारखी जोडी तयार झाली होती. पॉलिशवाला खोकला, म्हणजे हसलाच.

बाईंनी कागद पाहिला आणि विचारलं, दुसऱ्या चौकटीत कुठली बाजू काढलीत? उजवी, मिस्त्री म्हणाला, समोरच्या चित्राच्या उजवीकडची चौकट, म्हणजे उजवी बाजू. बाईंनी कागदाच्या कोपऱ्यातल्या खुणेवर बोट ठेवलं. आधी एक कापलेला शंकू, मग दोन वर्तुळं. आपल्याकडे ही पद्धत, त्या म्हणाल्या, हिच्यात उजवीकडच्या चौकटीत डाव्या बाजूने पाहिलेलं काढतात. तुम्ही काढलंत ते दुसऱ्या पद्धतीचं. तिच्यात ही खूण उलटी असते. कारागिराने खूण पाहून केलं, त्याचं बरोबर आहे. मग म्हणाल्या, "तुम्हाला कोणी चुकीचं शिकवलं असेल तर तसं सांगा, मिस्त्री. मग ही परीक्षा मी धरत नाही, दुसरी घेते."

आता बघा. वीस वर्षं ज्या क्षणासाठी माणूस झुरला, तो क्षण असा ताटात वाढून समोर आलेला. साडू चुकला, एवढंच म्हणायचं. टेबल वाचतं, जागा वाचते, वर साडूची जन्मभराची जिरते. मिस्त्रीने तोंड उघडलंसुद्धा. पण त्याच्या डोळ्यांसमोर साडूभाऊ आले, रोज ऑफिसातून दमून येऊन शर्टही न बदलता त्याच्याबरोबर साबणाच्या वड्या कापणारे.

"शिकवणं बरोबर होतं, बाई," तो म्हणाला. "खूण मी पाहिली नाही."

बाईंनी मान हलवली आणि कागदावर नापास लिहिलं.

संध्याकाळी साडूभाऊ निकाल ऐकायला मिस्त्रीकडे आले. मिस्त्रीने सगळं सांगितलं, आपण काय बोललो तेही. साडूभाऊ ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. पद्धती दोन आहेत हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मुद्दाम एकच शिकवली होती, त्यांच्या ऑफिसातली. "मला वाटलं," ते कसंबसं म्हणाले, "तुमच्या डोक्यात दोन मावायच्या नाहीत."

मिस्त्री संतापला. लागलं त्याला, चांगलंच लागलं. या माणसासाठी आपण टेबल सोडून आलो, आणि हा आपल्याला ठोंब्या समजत होता! तो उठून आतल्या खोलीत गेला तो बाहेर आलाच नाही. बायकोने साडूभाऊंना दारापर्यंत पोचवलं. चहासुद्धा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात पाहतो तर भुशाच्या ढिगाऱ्यांमधून पांढरा शर्ट येतोय. साडूभाऊ तडक मालकीणबाईंसमोर जाऊन उभे राहिले आणि सगळ्या कारागिरांच्या देखत म्हणाले, की शिकवणारा मी, अर्धंच शिकवलं ते मी, नापास करायचं तर मला करा. पॉलिशवाल्याने कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली. बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, मग मिस्त्रीपुढे कोरा कागद सरकवला. हीच पाचर, म्हणाल्या, दोन्ही पद्धतींनी काढा. दहा मिनिटं.

मिस्त्रीला रात्री झोप कुठली लागली होती. संतापात तो तेच तर करत होता, पडल्या पडल्या ती पाचर डोक्यात फिरवत होता. त्याने समोरचं चित्र मधोमध काढलं. उजव्या अंगाने जे दिसलं ते एकदा त्याच्या उजवीकडे काढलं, एका पद्धतीचं. तेच जसंच्या तसं डावीकडे काढलं, दुसऱ्या पद्धतीचं. चित्र तेच, नुसती जागा बदलायची. दोन्हींखाली ज्याची त्याची खूण. सहा मिनिटांत कागद पुढे केला. बाईंनी तो पाहिला आणि साडूभाऊंच्या हातात दिला.

साडूभाऊंनी चष्मा पुसला. पट्टी लावली, रेघ रेघ तपासली, तुटक रेघांचे तुकडेसुद्धा मोजले. सगळा कारखाना हातचं काम टाकून बघत होता.

"चूक सापडत नाही," शेवटी ते म्हणाले.

मिस्त्रीने आपल्या टेबलामागचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसला.

"अजून शोधा, साडूभाऊ," तो म्हणाला. "मला घाई नाही."