नियम विसरला तर

“मले माहीत होतं ना आई, बेरीज कराची असते,” प्रेरणा म्हणाली आणि भाकरीचा तुकडा ताटात तसाच ठेवून रडायला लागली.

अंजूनं तवा खाली उतरवला. “मंग गुणाकार काऊन केला?”

“आबानं तसं शिकवलं होतं. क्लासातले सारे तसंच लिहिणार. मी एकटीनं बरोबर लिहिलं असतं त आबा खोटे नसते पडले?”

आठवीच्या चाचणीत गणित साधंच होतं : दोनचा तिसरा घात गुणिले दोनचा चौथा घात. पाया एकच असला की घातांकांची बेरीज करायची. तीन आणि चार सात, म्हणून उत्तर दोनचा सातवा घात. पण प्रेरणाचे आबा, म्हणजे प्रभाकरराव सर, यांच्या ओट्यावर शिकणाऱ्या साऱ्या मुलांनी तीन चोक बारा करून दोनचा बारावा घात लिहिला होता.

नाचणगावात तोंडावर बोलायला कुणी कमी करत नाही. पण प्रभाकररावांना कोण बोलणार? आधी रोहण्याच्या शाळेत आणि मग इथं, त्यांची उभी हयात फळ्यापुढं गेली होती. शाळेतले आताचे सरही त्यांच्याच हाताखाली शिकलेले. तेव्हा गाव मूग गिळून बसलं. कुणाच्या घरी कापूस वेचायचा निघाला, कुणाच्या मामाचं लग्न निघालं, आणि सतरंजीवरची मुलं गळत गेली. सर मात्र रोज पाचच्या आधी फळा पुसून बसत आणि म्हणत, “आजकालचे पोट्टे लई कामाचे झाले.”

अंजूला खरं कारण माहीत होतं. तिचा नवरा हेमराज वडिलांना, म्हणजे सरांना, सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवून आला होता. आठवण अशीच थोडी थोडी जात राहील, असं डॉक्टर म्हणाले होते. घरी गोळ्या सुरू झाल्या, त्या बीपीच्या आहेत असं सांगून.

शेवटी तिनं पुलगावच्या दुकानात हेमराजला फोन लावला. तो म्हणाला, “क्लास बंद करू. परीक्षा जवळ आल्या म्हणून सांगू. बाबाले काई नको बोलू अंजू. झाकली मूठ राहू दे.”

तिला ते पटेना. रोहण्याच्या शाळेत, प्रेरणाएवढी असताना, ती अशाच एका गणितापुढं अडून उभी राहिली होती. नियम काही केल्या आठवत नव्हता. सरांनी छडीला हात लावला नाही. “नियम विसरला त भ्याचं नाई. मोडून लिही अन् मोज,” एवढंच म्हणाले. तेवढ्या बोलण्यावर ती पदवीपर्यंत गेली. पुढं सरांनी स्वतः घरी येऊन तिला सून म्हणून मागितलं. सासऱ्याला सर म्हणते म्हणून आयाबाया हसत, पण तिच्या तोंडी दुसरा शब्द बसलाच नाही. आणि आता त्याच माणसाला भिऊन फसवायचं, हे तिच्या जिवाला लागत होतं.

ती ओट्यावर गेली. सर फळा पुसत होते. ती मुलांसारखी सतरंजीवर बसली.

“सर, एक गणित अडलं मले.”

सरांचा चेहरा खुलला. “सांग ना. लई दिवसाईनं अडलं तुले.”

तिनं गणित सांगितलं. त्यांनी ते फळ्यावर मांडलं, अक्षर अजून मोत्यासारखं होतं. “पाया एकच. घाताईचा गुणाकार. तीन चोक बारा. दोनचा बारावा घात. यात काय अडलं?”

“मी नियम विसरली, सर,” अंजू म्हणाली. “मोडून लिहून द्या ना.”

त्यांनी दोनचा आकडा तीनदा लिहिला, गुणाकाराचं चिन्ह दिलं, पुढं तोच आकडा चारदा लिहिला. मग खडूचं टोक एकेका आकड्यावर टेकवत मोजलं आणि शेवटच्या, सातव्या दोनवर थांबले. परत पहिल्यापासून मोजलं. वर लिहिलेल्या बाराकडं ते बराच वेळ पाहत राहिले.

“पोराईले मी काय शिकवलं?”

खोटं बोलायला अजून जागा होती. “बारा, सर.”

“कवापासून?”

“दिवाळीपासून.”

ते खुर्चीवर बसले. “त्या गोळ्या बीपीच्या नोहेत ना, अंजू?”

“नाई सर.”

ती रडायला लागली. त्यांनी तिला रडू दिलं. मग हळूच म्हणाले, “साऱ्याईनं माहा मान ठेवला. सांगाची हिंमत तुलेच झाली.”

इतक्यात उरलीसुरली मुलं आली, मागोमाग प्रेरणाही. सर उठले. “पोराहो, मी तुमाले चूक शिकवलं. ते खोडून टाका.” मुलं एकमेकांकडं पाहू लागली. प्रेरणानं मान खाली घातली तशी सरांच्या ध्यानात आलं. “तुले माहीत होतं ना? बाई, परीक्षेत आबा नाई पाह्याचा. गणित पाह्याचं.”

त्यांनी खडू अंजूच्या हातात दिला.

“मले नाई येत शिकवाले, सर.”

“आत्ताच त शिकवलं तू.”

भिंतीचा आधार घेत ते नातीशेजारी सतरंजीवर बसले आणि तिची पाटी त्यांनी मांडीवर ओढली. अंजूनं फळा पुसला, बारा सगळ्यात शेवटी. तिनं नवं गणित घातलं : तीनचा वर्ग गुणिले तीनचा पाचवा घात.

मुलांचे हात वर गेले. त्यांच्यामागून सरांचाही गेला.

“सांगा सर.”

“थांबजो जरा,” सर म्हणाले. “मोडून लिहितो आधी.”

पाटीवर वाकून ते एकेक तीन लिहू लागले, आणि वर गेलेले हात खाली घेऊन मुलं त्यांचं होईपर्यंत थांबली.