सोयरिकीच्या बरगड्या

माह्या पोरानं जहाजावर जाऊन काय शिकावं? गोऱ्या लोकांसाठी डुकराच्या बरगड्या भाजायच्या! बत्तीस वर्षांचा आमचा खुमेंद्र, घरचे धानाचे पाच एकर, दिसायले चांगला, अन् तीन ठिकाणांहून नकार. पोरगा स्वयंपाकी आहे एवढं कानावर पडलं की पोरीवाले चहा अर्धा टाकून उठत. आता चौथं ठिकाण देवरीचं आलं होतं. केशोराव म्हणजे समाजातला मोठा माणूस, सरकारी नोकरीवाला, त्याची पोरगी रविता. ही सोयरीक मोडली तर माह्या, या तुलसाबाईच्या, घरात सून येत नाही, हे मले पक्कं माहीत होतं. तेरा सोमवार उपाशी काढले मी.

पाहुणे रविवारी घर पाहायले येणार, सोबत पोरगी. आजकाल पोरगीही येते. तिनं फोनवर खुमेंद्रले म्हटलं म्हणे, जहाजावर बनवता तेच खाऊ घाला. माह्या पोराले तेवढंच पायजे होतं.

"माय, बार्बेक्यू रिब्स करतो. वर आंब्याचा सालसा."

"कर बापा. बकरा सांगू का?"

"बकऱ्याचे नाही जमत माय. डुकराचेच लागतात."

मी कपाळाले हात लावला. आता आमच्या बिरसीकडचं एक समजून घ्या. आम्ही डुक्कर खात नाही असं नाही. धानात घुसलेलं जंगली डुक्कर कोणाच्या घरी शिजलं की भले भले डबे घेऊन हजर होतात. जंगली म्हणजे शुद्ध, कंदमुळं खाते म्हणतात. पण गावठी? राम राम! ते कवडू पाळतो, गावाच्या त्या टोकाले. तीस वर्षं तो आमच्या धानाच्या बांध्यांमधे राबला, अन् पाणी मागतलं तर आम्ही त्याच्या ओंजळीत वरून ओततो. विचारलं तर सगळे सांगतील, आता तसं काही राहिलं नाही.

खुमेंद्र सरळ कवडूकडं गेला अन् दोन पट्टे बरगड्या घेऊन आला. मी त्याले रांधणखोलीत पाय ठेवू दिला नाही. तिथं आमची चौरी आहे, देव बसतात. मटण आमच्याकडं मागच्या अंगणात शिजते, अन् तेही पुरुष शिजवतात. त्यानं अर्धा कापलेला ड्रम मांडला, बाभळीचे कोळसे पेटवले, वर जाळी टाकली. एका गंजात चिंच, गूळ, लसूण अन् लाल मिरची आटवून चिक्कट पाक केला. तो ब्रशनं बरगड्यांवर लावत बसला, दर दहा मिनटांनी, भिंतीले रंग देतात तसा. सालसा म्हणजे काय, तर पिकल्या आंब्यात अन् अननसात कच्चा कांदा, हिरवी मिरची, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, अन् लिंबू. आंब्यात कांदा! माह्या सासूनं पाहिलं असतं तर तिनं पोराले दवाखान्यात नेलं असतं.

आमचे मालक, म्हणजे खुमेंद्रचे बाप चैनलाल, सकाळी ओरडून राहिले होते, "माह्या अंगणात हे चालणार नाही!" मंग वास सुटला. अकरा वाजता ते ड्रमजवळ खुर्ची टाकून बसले, बारा वाजता एक तुकडा 'कच्चा तं नाही ना' म्हणून खाऊन पाहिला. मंग हात पुसत म्हणाले, "कोणी विचारलं तर जंगली सांगायचं. इज्जत राहते."

पाहुणे आले, जेवायले बसले. वरून बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ पायलटांचं विमान घरघरत गेलं, पण कोणाची मान वर झाली नाही. रवितानं न लाजता दुसऱ्यांदा वाढून घेतलं, तेव्हाच ती मले आवडली. केशोरावांनी चार हाडं चाटून लख्ख केली.

"वा! मटण कशाचं आहे हे?"

मालकांनी छाती फुगवली. "जंगली आहे पाहुणे! खास तुमच्यासाठी."

केशोरावांचा हात तोंडाजवळच थांबला. "पाटील, मी जंगल खात्यात आहे."

सरकारी नोकरी म्हटल्यावर खातं कोणतं हे विचारायचं भान आमच्यापैकी एकालेही राहिलं नव्हतं. मेली ती हौस! मालकांचा चेहरा धुतल्या तांदळासारखा पांढरा झाला.

"कोणी मारलं? परवानगी कुठं आहे?"

"जंगली नाही ते," खुमेंद्र मधेच बोलला. "गावठी आहे. कवडूच्या घरचं."

मले वाटलं, सुटलो. कायचं सुटलो! केशोरावांनी ताटातल्या हाडांकडं पाहिलं. "गावठी? म्हणजे जंगली असलं तर गुन्हा, अन् गावठी असलं तर मी बाटलो?"

"बाबूजी, चव तं तीच आहे," रविता म्हणाली अन् पाचवी बरगडी उचलली.

मंग केशोरावांनी तोड काढली. ज्याच्याकडून आणलं त्यानं गावठी असल्याचं लिहून द्यायचं. कागद त्यांच्या खिशात राहील, उद्या तक्रार झाली तर कामी येईल. समाजात मात्र जंगलीच सांगायचं. "एवढं झालं," ते म्हणाले, "तर सोयरीक पक्की समजा."

कवडूले बोलावणं गेलं. तो येऊन फाटकाजवळ उभा राहिला. खुमेंद्रनं लिहिलेला कागद वाचून दाखवला. कवडूनं पेन हातात घेतला अन् थांबला.

"सही करतो ना पटील. पन माह्या सहीवर लगन जुडून राहिलं, तं लगनात मले बलावान का?"

"अबे बोलावू ना! काऊन नाही बोलावणार?" मालक म्हणाले.

"पंगतीत बसवान, का पंगती उठल्यावर वाढान?"

केशोराव लिंबाच्या झाडाकडं पाहून राहिले, मालक माह्याकडं. कवडूनं कागद खाटेवर ठेवला, वर पेन ठेवला.

"तं मंग जंगलीच राहू द्या," म्हणाला अन् चालायले लागला.

मीच फाटकाकडं धाव घेतली. "थांब कवडूभाऊ! पंगतीत बसशील. पहिल्या पंगतीत."

तो वळला. "कोनाच्या बाजूले?"

मी एकदा माह्या पोराकडं पाहिलं, मंग रविताकडं. "या पाहुण्यांच्या बाजूले," म्हटलं. केशोरावांनी तोंड उघडलं, समोरच्या हाडांकडं पाहिलं अन् पुन्हा मिटलं. कवडूनं एकेक अक्षर कोरत सही केली.

आता गावात म्हणतात, तुलसाबाईचं मन लय मोठं. कायचं मोठं? मले सून पायजे होती.